विषय अवघड की त्याची भाषा?





दहावीचा निकाल लागला की कोगनोळीच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : आता निपाणीला की दूधगंगा ओलांडून कागलला? १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हा प्रश्न आपल्या पदरी बांधला. मात्र ‘कोठे शिकायचे’ या विवंचनेत ‘काय शिकायचे’ हा प्रश्न मागे पडतो, आणि त्याचे उत्तर गुणपत्रिकेवर सोपविले जाते.

आपली एस.एस.एल.सी. परीक्षा ६२५ गुणांची. प्रथम भाषा १२५, उरलेले पाच विषय प्रत्येकी १००. बेरीज भरघोस असली तर विज्ञान, मध्यम असली तर वाणिज्य, तोकडी असली तर कला, असा आपला हिशेब. पण इतिहासात रमणाऱ्या हुशार मुलाला विज्ञानाकडे ढकलणे आणि प्रयोगात रमणाऱ्या मुलीला चार गुणांसाठी अडविणे, हे दोन्ही अन्यायच होत.

त्याहून सूक्ष्म अन्याय आपण स्वतःवर करतो. मराठी माध्यमात ‘गतिज ऊर्जा’ उत्तम समजलेला विद्यार्थी पी.यू.सी.च्या वर्गात ‘कायनेटिक एनर्जी’ ऐकून गोंधळतो आणि महिन्याभरात म्हणतो, “विज्ञान मला जमत नाही.” वस्तुतः त्याला विज्ञान जमत असते; अडते ते शब्दापाशी. शब्दांची भीती चार-सहा महिन्यांत जाते, सोडलेला विषय मात्र सहसा परत येत नाही. पी.यू.सी.ला दोन भाषा आणि चार विषय घ्यावे लागतात. त्या चारांत गणित नसेल तर अभियांत्रिकीचा, जीवशास्त्र नसेल तर वैद्यकीचा मार्ग अवघड होतो.

नदी ओलांडल्याने ही अडचण टळेल, असेही समजू नये. महाराष्ट्रातही अकरावी-बारावीचे विज्ञान प्रामुख्याने इंग्रजीतूनच शिकविले जाते. कला व वाणिज्य शाखांत मात्र तेथे मराठी माध्यमाचा आधार मिळू शकतो. तेव्हा शाखा आधी ठरवावी, गाव नंतर. आणि राज्य बदलण्यापूर्वी पुढील प्रवेशाचे रहिवासविषयक नियम पालकांनी स्वतः वाचून घ्यावेत.

गुरुजनांना माझी एक विनंती आहे. नववीपासूनच प्रत्येक मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहावी. आणि विद्यार्थिमित्रहो, एखादा विषय सोडण्यापूर्वी तो आपल्या मराठीत धाकट्या भावंडाला समजावून सांगून पाहा. सांगता आला, तर विषय तुमचा आहे. उरली ती केवळ भाषा, आणि ती शिकता येते. सीमेवरच्या मुलांना भाषा शिकण्याचे भय कशाला? मराठी, कन्नड, हिंदी आपण बाजारात सहज बोलतोच.