डिझायनरांचा कट्टा बदलापूरला का नको?

मंडळी, डिझाइनचे मीटअप पवईला नाहीतर बीकेसीला, तेही संध्याकाळी सातला. बदलापूरचा माणूस घरी जेवणार कधी? सीएसएमटीपासून सुमारे 68 किलोमीटर आहे हो! म्हणून म्हणतो, रविवारी सकाळी इकडेच बसूया. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, आळीपाळीने. विषयांना काय तोटा? सिंधी निर्वासितांच्या छावणीचं 1949 साली उल्हासनगर झालं, तिथे आज जीन्स शिवतात. तिचा पॅटर्न, लेबल, बटण हे डिझाइनच ना? आपण मात्र स्क्रीनपुरते डिझायनर! पहिल्या बैठकीला लॅपटॉप नको. एखाद्या पॅटर्न मास्टरला बोलवा, त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि काम कुठे अडतं ते विचारा. पाचच जण आले तरी चालेल.