पेनड्राइव्ह घेताना आधी विचारा, ‘लावणार कशाला?’

नांदेडच्या वजिराबादेत जा की लातूरच्या गंजगोलाईत, पेनड्राइव्ह घ्यायला आलेले गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, ‘किती जीबीचा?’ आणि दुसरा, ‘केवढ्याला?’ दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे मला वाटते. हा पेनड्राइव्ह मी लावणार कशाला? संगणकाला, टीव्हीला, गाडीतल्या टेपला की मोबाइलला?

आपल्या भागात ही बाब केवळ गाण्यांपुरती नाही. लातूर पॅटर्नचे नाव ऐकून लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूरची मुले शिकवणीला येतात. ज्यांना शहरात खोली करून राहणे परवडत नाही, त्यांच्यासाठी तासांचे व्हिडिओ भरलेला पेनड्राइव्ह हा एक आधार असतो. गावात नेट नीट चालत नसेल, तर तोच गुरुजी. मात्र असे पेनड्राइव्ह पुष्कळदा कुलूपबंद असतात. काही फक्त विंडोजच्या संगणकावर उघडतात, तर काहींना ठरावीक ॲप लागते. घरात संगणकच नसेल, तर सोयाबीन विकून भरलेली फी वाया जायची. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्याच मोबाइलवर एक तास उघडून दाखवायला सांगा. त्यात भीड कसली?

आता वेगाचे पाहू. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. तिच्या निर्मितीत मोठा वाटा असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. २००० साली यूएसबी २.० आली आणि २००८ साली ३.०. त्यानंतर कंपन्यांनी नावांचा घोळ केला. पाकिटावर ३.०, ३.१ जेन १ किंवा ३.२ जेन १ यांपैकी काहीही लिहिलेले असो, तिन्हींचा कमाल वेग एकच आहे. आकडा मोठा दिसला म्हणून जास्त पैसे मोजू नका.

शिवाय हा आकडा रस्त्याचा आहे, गाडीचा नव्हे. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, पण रस्ता कितीही रुंद असला तरी बैलगाडी बैलाच्याच चालीने जाणार. तसेच पेनड्राइव्हच्या आत चिप मंद असेल, तर ३.० चा शिक्का काही कामाचा नाही. पाकिटावर बहुधा माल काढण्याचा, म्हणजे वाचनाचा वेग ठळक छापतात. माल भरण्याचा, म्हणजे लेखनाचा वेग त्याहून बराच कमी असू शकतो आणि तो पुष्कळदा छापलेलाच नसतो. सेकंदाला ६ एमबी या गतीने ३२ जीबी भरायला सुमारे दीड तास लागतो. तोच वेग ३० एमबी असेल तर १८ मिनिटांत काम होते. लग्नाचे चित्रण चार नातेवाइकांना वाटायचे असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

रस्ताही पाहावा लागतोच. तुमच्या संगणकाला २.० चेच छिद्र असेल, तर महागडा पेनड्राइव्हही त्याच चालीने चालेल. ३.० चे छिद्र आतून बहुधा निळे असते. टाइप-सी छिद्राच्या अनेक स्वस्त मोबाइलमध्येही आत वेग २.० चाच असतो. नुसती गाणी ऐकायची असतील, तर साधा पेनड्राइव्ह पुरेसा आहे.

‘टीव्ही पेनड्राइव्ह घेत नाही’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. पुष्कळदा पेनड्राइव्ह चांगला असतो, अडचण फॉरमॅटची असते. फॉरमॅट म्हणजे फाईल मांडून ठेवण्याची पद्धत. फॅट३२ ही जुनी पद्धत बहुतेक टीव्ही आणि गाडीतले टेप ओळखतात, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल मावत नाही. एक्सफॅट आणि एनटीएफएस यांत ती मावते. मात्र जुनी यंत्रे या पद्धती ओळखतीलच असे नाही. ६४ जीबी आणि त्यापुढचे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्येच येतात. म्हणून जुना टीव्ही किंवा टेप असेल, तर ३२ जीबीचा घेणे सोयीचे. फॉरमॅट बदलताना आतले सगळे पुसले जाते, तेव्हा आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

३२ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण २९ जीबी दिसतो. यात दुकानदाराची लबाडी नसते. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक. लबाडी असते ती दोनतीनशे रुपयांत मिळणाऱ्या ‘२ टीबी’च्या पेनड्राइव्हमध्ये. त्याच्या आत चिप लहानशी असते आणि संगणकाला खोटा आकडा दाखवण्याची व्यवस्था केलेली असते. फाईलची नावे दिसतात, पण उघडायला गेले की आत काही नसते. यासाठी पावती घ्या, आणि घरी नेल्यावर पेनड्राइव्ह एकदा पूर्ण भरून शेवटी टाकलेल्या फाईलसुद्धा उघडून पाहा. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम हीच तपासणी करतो.

शेवटी एक सांगतो. पेनड्राइव्ह हे पोते आहे, कणगी नव्हे. पोत्यातून माल न्यावा, साठा कणगीत ठेवावा. आतल्या चिपमध्ये माहिती विजेच्या सूक्ष्म भारावर टिकून असते आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार ओसरू शकतो. म्हणून मुलीच्या लग्नाचे चित्रण असो, मुलाचा प्रकल्प असो की सातबाऱ्याची प्रत, तिची दुसरी नक्कल संगणकात किंवा हार्ड डिस्कवर असू द्या. आणि पेनड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढा.