ताकद नव्हे, ताप

"इंजिन खोलायला पुरुषाचं मनगट लागतं," असं सांगून बायकांना गॅरेजबाहेर ठेवलं जातं. मी जुन्या बुलेटची इंजिनं खोलते. त्यांच्या क्रँककेसमध्ये बेअरिंग घट्ट बसलेलं असतं. हातोडा हाणला तर क्रँककेसच तडकते. ती ॲल्युमिनियमची, बेअरिंग पोलादाचं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून मी क्रँककेस सगळीकडून सारखी, १०० अंश सेल्सियसच्या थोडी वर तापवते. पाण्याचा थेंब टाकला की चरचरतो. मग लाकडी ठोकळ्यावर हलकेच आपटली की बेअरिंग निसटतं. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्रीच तेल सोडायचं. मनगटाचा प्रश्न येतोच कुठे? प्रश्न एवढाच, की पाना मुलीच्या हाती द्यायचा की नाही.