दुखणे थांबवणारी गोळी आणखी काय थांबवते?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाचे दिवस म्हणजे सततची उठबस. मांडव, प्रसादाचा स्वयंपाक, नाटकाच्या तालमी, दोन वेळच्या आरत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुडघे बोलू लागतात आणि शेजारून कोणीतरी म्हणते, "माझ्याकडे गोळी आहे, घेऊन टाका." आम्ही औषधांच्या व्यवसायातली मंडळी आज याच गोळीविषयी बोलणार आहोत. ती काम कशी करते हे कळले, की कोणी जपून राहायचे तेही कळते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन ही नावे वेगळी, पण कूळ एकच. या कुळाचा मूळपुरुष ॲस्पिरिन. जर्मनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ साली ते शुद्ध स्वरूपात तयार केले. जगभर लोक ते घेत राहिले, पण ते नेमके काय करते याचा उलगडा १९७१ मध्ये ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी केला. त्यांना १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

शरीराला इजा झाली की पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करतात. त्यांच्यामुळे सूज येते, ताप चढतो आणि नसा हळव्या होऊन दुखणे वाढते. ही रसायने बनवणाऱ्या विकराला कॉक्स म्हणतात. आपली गोळी या कॉक्सचेच काम अडवते, म्हणून आराम पडतो.

अडचण पुढे आहे. हीच रसायने जठरात आम्लापासून बचाव करणारा थर राखतात आणि गरज पडेल तेव्हा मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळी रक्तातून सगळीकडे जाते. गुडघा कोणता आणि जठर कोणते, हे तिला कळत नाही. म्हणूनच "जेवणावर घेतली की काही होत नाही" किंवा "इंजेक्शन घेतले की पोट सुरक्षित" हे दोन्ही समज अपुरे आहेत. रिकाम्या पोटी होणारी जळजळ जेवणाने कमी होईल, पण अल्सरचा धोका इंजेक्शननेही टळत नाही.

पोट जळजळून इशारा तरी देते, मूत्रपिंड बहुधा गप्प राहते. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि त्यात ही तिसरी, असे त्रिकूट जमले की मूत्रपिंडावर एकदम ताण येतो. त्यातच हरतालिकेचा निर्जळी उपास किंवा जुलाब झाले, तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडची गिधाडे आठवा. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि बहुतेक गिधाडे नाहीशी झाली. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही, पण थकलेल्या मूत्रपिंडाला सवलत फार थोडी असते.

पोटाला कमी त्रास व्हावा म्हणून कॉक्सचा एकच प्रकार अडवणारी औषधे निघाली. त्यांतले रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसल्याने २००४ मध्ये बाजारातून काढून घेतले गेले. हृदयरोग्यांनी या कुळातली कोणतीही गोळी विचारूनच घ्यावी. मात्र डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन हे भाषण ऐकून कोणी बंद करू नये.

हे दिवस डेंग्यूचेही आहेत. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट्स कमी होतात आणि ही औषधे रक्तस्राव वाढवू शकतात. म्हणून तापाचे निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच बरे, तेही ठरल्या मात्रेत, कारण जास्त झाले तर ते यकृताला घातक ठरते. अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. वर वेगळी गोळी घेतली तर मात्रा नकळत दुप्पट होते.

मग गुडघेदुखीवाल्यांनी काय करावे? लावायचे मलम आधी वापरून पाहावे, कारण त्यातले औषध रक्तात फार थोडे उतरते. गोळी लागलीच तर कमीत कमी मात्रेत आणि थोडे दिवसच घ्यावी. शौचास काळे झाले, लघवी कमी झाली किंवा पाय सुजले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊच नये.

शेवटी एक विनंती. घरातल्या आजी-आजोबांचा औषधांचा डबा उघडा, प्रत्येक पट्टीवरचे औषधाचे मूळ नाव कागदावर उतरवा आणि ती यादी पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. आणि शेजाऱ्याचे गुडघे दुखले तर त्यांना खुर्ची द्या, शेक द्या, पण आपल्या डब्यातली गोळी देऊ नका.

गणपती बाप्पा मोरया!