कडी आतून आहे

एका वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत, तशा एका संगणकात विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली नांदतात. विंडोजची नवी आवृत्ती चढवली आणि लिनक्समधून हार्ड डिस्कचा सामाईक कप्पा, म्हणजे पार्टिशन, उघडेनासे झाले, तर आपण काय कराल? माझे बोट तर ‘फॉरमॅट’कडे वळले होते! त्या कप्प्यात विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन टिपलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्या गाणाऱ्या दोघी आजीबाई आज हयात नाहीत. बोट आवरले, म्हणून ओव्या वाचल्या.

कारण साधे आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असली की ‘शट डाऊन’ करूनही विंडोज पुरती मिटत नाही; आतून कडी लावून झोपी जाते. मग लिनक्स तो कप्पा उघडायला धजत नाही. आपण बंद केलेली ही सोय नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा चालू होऊ शकते.

तेव्हा विंडोजमध्ये परत जा. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ती सोय बंद करा, यंत्र पुरते बंद करा, मग लिनक्स सुरू करा. कप्पा बहुधा उघडतो. उघडताच आधी दुसरीकडे प्रत काढून ठेवा. दार उघडत नाही म्हणून कोणी घर पाडते का?