पीएच. डी. नंतरची वाट : मार्गदर्शकालाही शिक्षण हवे

(जेऊर, ता. करमाळा, जि. सोलापूर येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पीएच. डी. झालेल्या तरुण संशोधकांचा आहे. पाणी, रस्ते व शाळा यांचे प्रश्न घेऊन बसणाऱ्या आपणांस तो दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो तसा नाही. या जिल्ह्यात १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी आजही शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरते. उजनीच्या पाण्याकाठी ऊस आणि केळी वाढली, तसे जमिनीचे, रोगांचे व पाण्याच्या वापराचे नवे प्रश्नही वाढले. त्यांची उत्तरे शोधणारी माणसे प्रयोगशाळेत तयार व्हावी लागतात. ती कशी तयार होतात, हा म्हणूनच आपलाही प्रश्न आहे.

पदवी हाती, पुढे काय?

पीएच. डी. मिळताच संशोधक स्थिर नोकरीत जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात विज्ञानाच्या क्षेत्रात यानंतर काही वर्षांचा एक टप्पा असतो. या काळात तो दुसऱ्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाकडे ठरावीक मुदतीच्या अधिछात्रवृत्तीवर काम करतो. अशा संशोधकास इंग्रजीतून आलेल्या शब्दाने 'पोस्टडॉक' म्हणतात.

ही व्यवस्था आपल्याकडे अगदी नवी नाही. परदेशातून शिकून परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायम जागा मिळेपर्यंत आधार मिळावा म्हणून १९५८ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेमार्फत 'सायंटिस्ट्स पूल' योजना सुरू झाली. २०१५-१६ पासून राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती देण्यात येऊ लागली. तिची मुदत दोन वर्षांची आणि सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षांची ठेवण्यात आली. महिला व मागास प्रवर्गांतील उमेदवारांना वयात सवलत ठेवण्यात आली.

या मुदतीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. दोन वर्षांत नवे काम उभे करायचे, शोधनिबंध लिहायचे आणि त्याच वेळी पुढच्या जागेसाठी अर्जही करायचे. ज्याच्या घरी विद्यापीठाची परंपरा आहे, त्याला विचारायला माणसे असतात. ज्याचे वडील शेतकरी वा शेतमजूर आहेत आणि घराण्यात जो पहिलाच पदवीधर आहे, त्याने कोणाला विचारावे? गावी आला की 'अजून शिकतोच आहेस का?' एवढाच प्रश्न त्याच्या वाट्याला येतो.

आपल्या राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था पीएच. डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यामुळे पूर्वी ज्या घरांतून संशोधक निघत नव्हते, त्या घरांतून ते निघू लागले आहेत. ही निःसंशय समाधानाची गोष्ट आहे. तथापि, पैशाची सोय झाली म्हणजे वाट दाखविण्याची सोय झाली असे नव्हे.

न शिकविले जाणारे कौशल्य

शाळेतील शिक्षक शिक्षणशास्त्राचा अभ्यास केल्याविना वर्गात उभा राहत नाही. सरपंच व सदस्य निवडून आले की त्यांच्यासाठी प्रशिक्षणवर्ग भरतात. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर महाविद्यालयीन अध्यापकांसाठीही अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. मग संशोधनाचे मार्गदर्शन करणाऱ्याचे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि प्राध्यापकाला ८ पीएच. डी. विद्यार्थी घेता येतात. त्यासाठी स्वतःची पीएच. डी. आणि ठरावीक संख्येने शोधनिबंध लागतात. मार्गदर्शन कसे करावे, हे तो शिकला आहे की नाही, याची विचारणा त्या अटींत नाही. काल दुसऱ्याच्या हाताखाली काम करणारा आज चौघांच्या भवितव्याचा धनी होतो. स्वतःला जसे वागविले गेले तसेच तो पुढे वागवितो. चांगले गुरू लाभले असतील तर ठीक. नसतील तर तोच दोष पुढील पिढीत उतरतो.

हे कौशल्य जन्मजात असावे लागत नाही. ते शिकविता येते. पहिल्या दिवशीच परस्परांच्या अपेक्षा लिहून काढणे, ठरलेल्या दिवशी कामाचा आढावा घेणे, चूक दाखविताना माणसाचा उत्साह न मोडणे, शोधनिबंधावर कोणाचे नाव कोणत्या क्रमाने यावे हे आधीच ठरविणे, या साध्या गोष्टी आहेत. त्या न पाळल्याने मात्र वर्षेच्या वर्षे वाया जातात. याच्या जोडीला अनुदानाचा अर्ज लिहिणे, खरेदी व हिशेब ठेवणे आणि वर्षाची योजना आखणे हेही संशोधकास आले पाहिजे. प्रत्येकास प्राध्यापकपद मिळणार नाही, हेही त्याला वेळीच सांगितले पाहिजे. बियाणे व औषध उद्योग, पेटंटचे काम, कृषिविस्तार, विज्ञानलेखन, शासकीय धोरण या वाटाही सन्मानाच्याच आहेत.

इतरत्र काय घडले?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अनुभवातून २००५ साली मार्गदर्शकांच्या शिक्षणाची एक पुस्तिका निघाली. तिची पद्धत चर्चेची आहे. विद्यार्थ्यांना शिकविणारे तरुण संशोधक नियमाने एकत्र बसतात आणि आपापल्या खऱ्या अडचणी मांडून उपाय शोधतात. त्याच देशात २००७ च्या एका कायद्याने राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पोस्टडॉकसाठी पैसे मागणाऱ्यास मार्गदर्शनाची लेखी योजना देणे बंधनकारक झाले. ब्रिटनमध्ये २०१९ च्या करारनाम्यात संशोधकास वर्षाकाठी किमान १० दिवस व्यावसायिक विकासासाठी मिळावेत, असे ठरले.

आपल्याकडेही आरंभ झाला आहे. जीवशास्त्रातील तरुण संशोधकांचे मेळावे २००९ पासून भरतात. त्यांत पोस्टडॉक आणि अनुभवी शास्त्रज्ञ यांची गाठ पडते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्याच्या 'आयुका'चे उदाहरण मोलाचे आहे. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली घडले, १९७२ मध्ये मायदेशी परतले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक झाले. तेथे विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांना ठरावीक मुदतीसाठी सहयोगी म्हणून निवडतात. ते आपल्या गावची नोकरी न सोडता पुण्यास येऊन ग्रंथालय, संगणक आणि जाणकारांचा सहवास यांचा लाभ घेतात. मार्गदर्शन मोठ्या शहराची मिरासदारी राहू नये, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आपण काय करावे?

विद्यापीठांनी प्रत्येक नव्या मार्गदर्शकासाठी आणि पोस्टडॉकसाठी अशा शिक्षणाचे थोडे दिवस राखून ठेवावेत. त्यास मोठी इमारत लागत नाही. अनुभवी माणसे आणि ठरलेला वेळ लागतो. अधिछात्रवृत्ती देणाऱ्या संस्थांतील अधिकाऱ्यांनी हप्ता वेळेवर देण्याबरोबरच, पदवीनंतरच्या वाटांची माहिती देणारे वर्ग भरवावेत. शिक्षकांनी आपल्या शाळेतून गेलेल्या संशोधकांशी संबंध ठेवावा आणि त्यांना वर्षातून एकदा विद्यार्थ्यांपुढे बोलवावे. दहावीच्या मुलांना आपले काम सोप्या मराठीत समजावून सांगणे हा त्या संशोधकाच्याही शिक्षणाचा भाग होईल.

पंचायत सदस्यांनाही येथे काम आहे. गावातून कोण कोठे संशोधन करीत आहे, याची एक वही ग्रामपंचायतीत ठेवावी. नव्याने बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना त्यातून विचारण्याजोगे एक नाव मिळेल. जेऊरच्या स्थानकावरून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसणारी आपली मुले हुशारीत उणी नाहीत. पुढे वाट दाखविणारा भेटला नाही, एवढ्याच कारणाने त्यांतील एकही मागे राहू नये, इतकेच माझे मागणे आहे.