धर्म, अध्यात्म आणि आपला धम्म
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

थेट विषयावर येतो, कारण मागे खिरीचं पातेलं तयार आहे.

वस्तीतली शिकलेली पोरं हल्ली म्हणतात, "काका, आम्ही धार्मिक नाही, आध्यात्मिक आहोत. वंदनेला कशाला यायचं? आम्ही घरीच ध्यान करतो." जुनी मंडळी म्हणतात, "पोरं विहाराची पायरी चढत नाहीत, बिघडली." माझ्या मते दोन्हीकडचं अर्धवट आहे.

अध्यात्म हा शब्द फोडून बघा. त्यात आत्मा बसलाय. बुद्धांनी आत्माच नाकारला. सर्वांभूती एकच आत्मा, असं हजारो वर्षं सांगणाऱ्या या देशात काय झालं? मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. आपल्या माणसाचं तोंड लागलं तर विटाळ! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला. आत्मा सगळ्यांचा एक, पण धोटा मात्र वेगळा. असल्या अध्यात्माचं आपण काय लोणचं घालायचं?

पोरांना आत्मा म्हणायचा नसतो, मनाची शांती म्हणायची असते, हे मला कळतं. ध्यान वाईट नाही. सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी अष्टांगिक मार्गातच आहेत. पण त्याच मार्गात सम्यक वाचा, सम्यक कर्म, सम्यक आजीविका आहेत. ही तीन अंगं डोळे मिटून पाळता येत नाहीत. त्यांना समोर दुसरा माणूस लागतो.

आता आपण धार्मिक मंडळी. पांढरे कपडे घालून पंचशील म्हणतो, सुरामेरयमज्ज तोंडपाठ, आणि संध्याकाळी नाक्यावर कुठे असतो ते घरच्या बाईला विचारा. लग्न बौद्ध पद्धतीनं लावतो, पण तारीख आधी गुपचूप पंचांगात बघून घेतो. विहाराच्या फरशीवर नाव कुणाचं कोरायचं यावरून भाऊ भावाशी बोलत नाही. (हसू नका, ही आपल्याच विहाराची गोष्ट आहे.)

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अधम्म कशाला म्हणायचं ते त्यांनी सांगितलंय. ईश्वरावर विश्वास, आत्म्यावर विश्वास, यज्ञयाग, आणि त्याच यादीत नुसतं ग्रंथवाचनसुद्धा! म्हणजे आपलीही सुटका नाही. पुढे ते धर्म आणि धम्म वेगळे करतात. धर्म ज्याचा त्यानं आपल्यापुरता ठेवायचा असं लोक मानतात, धम्म मात्र सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकत्र आली की गरज पडते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्षूला हगवण लागली होती. तो आपल्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्ध आनंदाबरोबर फिरत तिथे आले. विचारलं, तुझी सेवा करायला कोणी नाही? तो म्हणाला, मी भिक्षूंच्या उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. भगवंतांनी पाणी मागवलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवलं. मग संघ जमवून बजावलं की, इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना बघणार नसाल तर कोण बघणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी.

आता सांगा, ते बाकीचे भिक्षू ध्यान करत नव्हते काय? चीवर घालत नव्हते काय?

आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेली माणसं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. काहींची मुलं लांब राहतात. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा या वर्षावासात रोज ग्रंथवाचन आहेच. त्याच्या जोडीला समितीनं एक वही करावी आणि अशा घरांसाठी पाळ्या लावाव्यात. ध्यान करणाऱ्या पोरांनी सकाळची पाळी घ्यावी, वंदनावाल्यांनी संध्याकाळची. रात्रपाळीची मला गिरणीपासून सवय आहे, तिथे माझं नाव आधी लिहा. वही आजच दारापाशी ठेवतोय, खीर घ्यायच्या आधी नाव टाका.

जयभीम! नमो बुद्धाय!